जुना क्यू: लाकूड, सरस आणि मार्कर

(रायपूर येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



१८७५ साली न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली. आज आपण ज्या प्रकारच्या कार्यक्रमाला जमलो आहोत त्याची रीत तिथून पडली. त्याच वर्षी आपल्या जवळच्या जबलपूरला लष्कराच्या मेसमध्ये वेगळंच काही चाललं होतं. बाहेर पावसाची झड लागलेली. आत डेव्हनशायर रेजिमेंटचे अधिकारी बिलियर्डच्या टेबलाभोवती कंटाळलेले. नेव्हिल चेंबरलेन नावाच्या एका तरुण अधिकाऱ्यानं तेव्हाच्या 'ब्लॅक पूल' या खेळात आणखी काही रंगीत चेंडू घालून बघितले आणि त्यातून स्नूकर जन्माला आलं. पुण्यात लोक शब्दांनी उन्हाळा घालवत होते, जबलपूरला गोरे साहेब चेंडूंनी पावसाळा. दोन्ही गोष्टी टिकल्या, हे विशेष.

पुढं या खेळाचे नियम उटीच्या क्लबात लिहून लावले गेले. खुद्द चेंबरलेननं आपला हक्क सांगणारं पत्र 'द फील्ड' या इंग्रजी साप्ताहिकाला पाठवलं ते थेट १९३८ साली, म्हणजे त्रेसष्ट वर्षं हा गृहस्थ गप्प होता! आपल्याकडे एवढा धीर कुणी धरला नसता. जबलपूर आणि रायपूर तेव्हा एकाच प्रांतात, १८६१ साली झालेल्या मध्य प्रांतात होते, आणि राजधानी आपलं नागपूर. तेव्हा 'रायपूरच्या मराठी व्याख्यानमालेत बिलियर्डच्या काठीवर भाषण कशाला' असं ज्यांच्या मनात आलं असेल, त्यांनी हा विषय घरचाच समजावा.

मी खेळाडू नाही, हे आधीच सांगून टाकतो. माझी नोकरी वनखात्यात झाली. लाकूड ओळखणं, मोजणं आणि त्याचा हिशेब लिहिणं यात हयात गेली. जुन्या क्यूंकडे मी वळलो तो लाकडाच्या ओढीनं. ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही माला चालते ते शाळेत सुतारकामाचा वर्ग घ्यायचे, हे आपल्यातल्या वडीलधाऱ्यांना आठवत असेल. रंधा चालवताना लाकडाची रेषा बघितल्याशिवाय हात लावू देत नसत. आजचा विषय त्यांना आवडला असता असं मला वाटतं.

क्यू म्हणजे साधारण चार फूट दहा इंच लांबीची, चढत्या जाडीची काठी. वजन सोळा ते एकोणीस औंस, म्हणजे अर्ध्या किलोच्या आसपास. पुढचं टोक दहा-अकरा मिलिमीटरचं, मागची मूठ सव्वा इंचाची. बस, एवढंच. तिच्यात चाक नाही, खटका नाही. स्नूकरचे नियमही तिच्याबद्दल फार बोलत नाहीत: लांबी तीन फुटांपेक्षा कमी नको आणि पारंपरिक निमुळत्या आकारात फरक नको. तरीही शंभर वर्षांपूर्वीचा चांगला क्यू आणि आजचा बाजारातला स्वस्त क्यू हातात दिला, तर न खेळणाऱ्या माणसालाही फरक कळतो. तो फरक कुठून येतो, ते आज बघू.

थोडा पूर्वेतिहास, भराभर. अठराव्या शतकापर्यंत युरोपात बिलियर्ड खेळत ते 'मेस' नावाच्या काठीनं. तिच्या टोकाला लाकडाचा ठोकळा असे आणि चेंडू मारायचा नसून ढकलायचा असे. चेंडू कडेच्या फळीला चिकटला की ठोकळा अडचणीचा ठरे, म्हणून काठी उलटी करून मागच्या बारीक टोकानं खेळत. ते बारीक टोकच पुढं क्यू झालं. १८०७ च्या सुमाराला फ्रान्सच्या पायदळातला कॅप्टन मिंगो यानं त्या टोकाला चामड्याची टिप बसवली. राजकीय कारणानं तुरुंगात असताना त्याला हे सुचलं असं सांगतात. चामडं आलं म्हणजे चेंडूला फिरकी देता येऊ लागली. मग इंग्लंडमधल्या बाथ गावचा जॅक कार हा मार्कर, म्हणजे गुण मोजणारा, त्या टिपेवर साधा खडू लावून फिरकी वाढवू लागला, आणि तोच खडू 'फिरकीची पूड' म्हणून डब्यांत भरून चढ्या भावानं विकू लागला. पुढं लंडनच्या जॉन थर्स्टन यांनी १८२६ साली टेबलाला पाटीच्या दगडाचा तळ दिला आणि १८३५ साली कडांना रबर. टेबल असं अचूक झालं, तेव्हा क्यूलाही अचूक व्हावं लागलं. काठी सुताराकडून कारागिराकडे गेली ती इथं.

आता हा क्यू बघा. मागच्या रांगेतल्या मंडळींसाठी मी तो नंतर फिरवायला देतो, फक्त टिपेकडून धरू नका. रायपूरच्याच एका कबाड्याच्या दुकानात लोखंडी सळ्यांच्या भाऱ्यात हा उभा होता. कंपनीचं नाव पुसलं गेलं आहे, म्हणून याचं कुळ मी सांगणार नाही. पण याचं अंग वाचता येतं.

पुढचा पांढुरका दांडा ॲश लाकडाचा आहे. हे युरोप-अमेरिकेतलं झाड. त्याचं वैशिष्ट्य असं, की वसंतात वाढलेल्या भागात मोठी भोकं असतात आणि उन्हाळ्यात वाढलेला भाग घट्ट असतो. त्यामुळं दर वर्षाची रेघ डोळ्यांना स्पष्ट दिसते. दांडा निमुळता रंधला की या वार्षिक रेघा तिरक्या कापल्या जातात आणि दांड्यावर बाणाच्या टोकांची एकामागून एक ओळ उमटते. बघा, इथं टिपेकडे तोंड करून ती चालली आहे. चांगला खेळाडू हे बाण वर ठेवून क्यू धरतो, म्हणजे लाकूड दर वेळी एकाच बाजूनं वाकतं आणि हाताला फटक्याचा अंदाज येतो. ही ओळ मधेच एका बाजूला सरकली असेल, तर त्या क्यूचं लाकूड सरळ रेषेत चिरलेलं नाही असं समजावं. असा क्यू आज सरळ दिसेल, पण दोन पावसाळ्यांनी बाक धरील.

म्हणून कारागिराचं निम्मं काम रंधा लावायच्या आधीच संपलेलं असे. लाकूड निवडायचं, चौकोनी काठ्या पाडायच्या आणि त्या मुरत ठेवायच्या. मग रंधायचं, पण एकदम नाही. थोडं उतरवायचं, काठी पुन्हा टांगून ठेवायची, आतला ताण सुटून ती जिकडे वाकायची तिकडे वाकू द्यायची. जी वाकली ती बाद. जी राहिली ती पुन्हा थोडी रंधायची. घाईत काम उरकणाऱ्याच्या काठ्याही दुकानातून सरळच बाहेर पडत. त्या वाकत गिऱ्हाइकाच्या घरी.

आता मुठीकडे या. इथं काळंभोर लाकूड आहे, एबनी, म्हणजे आपला आबनूस. ॲशपेक्षा दीडपट जड. पाण्यात टाकलं तर बहुधा तळाशी जाणारं. पुढं हलकं आणि मागं जड, त्यामुळं क्यूचा तोल मुठीच्या टोकापासून साधारण सोळा ते अठरा इंचांवर येतो. वजन कमी पडलं तर मुठीत भोक पाडून शिसं ओतत. काळं आणि पांढरं जिथं एकमेकांत शिरतात ती जागा म्हणजे क्यूच्या कारागिरीची परीक्षा. तिला स्प्लाइस म्हणतात. इथं चार काळे कोन दांड्यावर चढलेले दिसतात. त्यांची टोकं बघा. ती टोकदार नाहीत, बोटाच्या नखासारखी गोल आहेत. यावरून हा सांधा हातानं केला आहे हे ओळखायचं.

हातानं म्हणजे कसा? ॲशच्या चौकोनी काठीच्या मागच्या भागावर एका बाजूनं लांब उतार रंधायचा. तो आरशासारखा सपाट हवा. त्यावर तेवढाच सपाट केलेला एबनीचा तुकडा सरस लावून दाबून बसवायचा. सरस वाळला की समोरच्या बाजूला तसाच उतार, तसाच तुकडा. तो वाळला की उरलेल्या दोन बाजू. मग हे सगळं बोजड लाकूड रंध्यानं गोल उतरवत आणायचं. सपाट उतार निमुळत्या गोलाला छेदतो तिथं आपोआप वळणदार कमान उमटते. शाळेत भूमितीत आपण शंकुच्छेद शिकलो, तो हाच. कारागीर ती कमान कोरत नाही. चारही उतार एकाच कोनात रंधले गेले असतील तर चारही कमानी एका उंचीवर येतात, आणि एखादा उतार केसभर खोल गेला तर त्याची कमान वर सरकून बिंग फोडते. या क्यूच्या तीन कमानी एका पातळीत आहेत आणि चौथी किंचित खाली. त्या दिवशी कारागिराचा हात थोडा हलका पडला. मला ती खालची कमान फार प्रिय आहे.

हातानं सांधलेल्या क्यूची आणखी एक खूण मुठीच्या बुडाशी असते. ॲशचा दांडा मुठीच्या आतून शेवटपर्यंत गेलेला असतो, आणि बूड झाकलेलं नसेल तर काळ्याच्या मध्यभागी पांढरा चौकोन दिसतो. दुसरा प्रकार यंत्रानं सांधलेला. त्यात ॲशला आणि काळ्या लाकडाला लांब पाचरी कापून त्या एकमेकींत घुसवतात. त्याच्या टोकांना अणकुचीदार कोन येतात. तो सांधा कमकुवत नसतो, उलट सरस लागायला त्यात जागा भरपूर मिळते. हातानं केलेलं ते थोर आणि यंत्रानं केलेलं ते भिकार, ही संग्राहकांची भाबडी समजूत आहे. थर्स्टन, बरोज अँड वॉट्स, ऑर्म, अ‍ॅक्रिंग्टनची रायली, लिव्हरपूलची पेराडन या सगळ्या नामांकित इंग्रजी घराण्यांचा माल वेगवेगळ्या किमतींचा असे. बिल्ला बघून नव्हे, लाकूड बघून बोलावं.

बिल्ल्यावरून आठवलं. मुठीच्या शेवटी एका अंगाला हा तिरका सपाट छेद असतो. एके काळी कडेजवळचा चेंडू ढकलायला मागची बाजू वापरत, त्या सवयीची ही खूण. पुढं कंपन्यांनी तिथं आपली नावाची पट्टी बसवली. काही पट्ट्या हस्तिदंताच्या, नंतरच्या बहुतेक सेल्युलॉइडच्या. याची पिवळट पट्टी सेल्युलॉइडची आहे. हस्तिदंताच्या आडव्या छेदात एकमेकांना छेदणाऱ्या बारीक रेषांची जाळी दिसते, सेल्युलॉइडमध्ये दिसत नाही. हा फरक नुसता हौसेचा नाही. आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. १९८६ आणि १९९१ च्या दुरुस्त्यांनंतर देशी काय आणि परदेशी काय, हस्तिदंताच्या खरेदी-विक्रीला बंदी आहे. घरात आजोबांच्या वेळचे हस्तिदंती चेंडू असतील, तर ते कौतुकानं इंटरनेटवर विकायला काढू नका. आधी वनखात्याला विचारा. माजी वनखातेवाला म्हणून हा फुकटचा सल्ला.

हा क्यू रायपूरला आला कसा? हाच क्यू कसा आला ते कुणी सांगू शकणार नाही, पण असे क्यू यायची वाट माहीत आहे. बंगाल-नागपूर रेल्वे कंपनी १८८७ साली स्थापन झाली आणि काही वर्षांत नागपूर, रायपूर, बिलासपूर ही गावं एका रुळावर आली. रेल्वेबरोबर रेल्वे इन्स्टिट्यूट आल्या, सिव्हिल लाइन्सबरोबर क्लब आले, संस्थानिकांच्या कोठ्यांत बिलियर्ड-रूम निघाल्या. पूर्ण मापाचं टेबल बारा फूट बाय सहा फूट. त्याच्या तळाला दगडाच्या पाच लाद्या, एकूण वजन टनाच्या पुढं. कलकत्त्याची लाझारस कंपनी अशी टेबलं बनवी. बाकीचा सरंजाम आर्मी अँड नेव्ही स्टोअर्सच्या जाडजूड कॅटलॉगमधून मागवता येई. त्यांचं मुंबईचं दुकान १८९१ चं. टिपा, खडू, क्यू, क्यू ठेवायची लांब टिनची नळी, सगळं पोस्टानं.

माल आला, पण हवा काही विलायतेहून आली नाही. रायपूरला मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो आणि जूननंतर बाराशे-तेराशे मिलिमीटर पाऊस पडतो. ॲश उन्हाळ्यात आक्रसणार, पावसाळ्यात फुगणार, आणि एबनी त्याच्या वेगळ्या चालीनं. दोन्ही लाकडांच्या मधे बिचारा सरस. तेव्हाचा सरस जनावरांच्या कातड्या-हाडांचा, दमट उष्णतेत मऊ पडणारा. त्यामुळं आपल्याकडच्या जुन्या क्यूंच्या कमानींची टोकं उचकटलेली आढळतात. विलायतेत बसून लिहिलेल्या पुस्तकांत हा दोष म्हणून नोंदतात. मला त्यात गुण दिसतो. जो सरस उष्णतेनं आणि ओलाव्यानं सुटतो, तो पुन्हा तसाच लावताही येतो. तुकडा मोडत नाही, सुटतो. साफ करा, नवा सरस लावा, सुतळीनं आवळून ठेवा. शंभर वर्षांनीही दुरुस्ती होते ती यामुळं. आजच्या कृत्रिम डिंकानं चिकटवलेलं लाकूड सुटत नाही. मोडायची पाळी आली की लाकूडच फाटतं.

ही दुरुस्ती कोण करत असे? मार्कर. क्लबच्या दप्तरात त्याचा हुद्दा गुण मोजणाऱ्याचा. प्रत्यक्षात टेबलाच्या हिरव्या कापडाला लव सरळ राहील अशा बेतानं इस्त्री करणं, चेंडू पुसणं, नवशिक्या साहेबाकडून कौशल्यानं हरणं आणि क्यूंची निगा, एवढं सगळं त्याच्या अंगावर. मी नोकरीला लागलो तेव्हा एका रेल्वे इन्स्टिट्यूटमध्ये असा एक म्हातारा मार्कर होता. तो टिप बसवायचा ते बघायला मी मुद्दाम जात असे. जुनी टिप काढून दांड्याचं टोक कानशीनं अगदी सपाट करायचा. टोक आणि नवी टिप दोन्ही उजेडात एकमेकांवर धरून मधून फट दिसते का बघायचा. दिसली की पुन्हा कानस. मग सरसाचा एक थेंब, टिप दाबून क्यू उलटा उभा, आणि त्या दिवशी त्या क्यूला कुणी हात लावायचा नाही, मग तो कितीही मोठा अधिकारी असो. दुसऱ्या दिवशी टिप खाली टेकवून कडेचं जास्तीचं चामडं धारदार सुरीनं एका फेऱ्यात उतरवायचा. कडेला थुंकी लावून कागदानं घासत राहायचा, चामडं तापून काचेसारखं चकचकीत होईपर्यंत. डोक्याला काचपेपरनं किंचित घुमट. सगळ्यात शेवटी दांड्यावर जवसाच्या तेलाचे चार थेंब, तळहातानंच चोळून. व्हार्निशला तो हात लावत नसे, कारण घाम आला की व्हार्निशचा दांडा बोटांना धरतो.

जवस छत्तीसगडचा आणि विदर्भाचा. म्हणजे क्यू लिव्हरपूलचा असो की लंडनचा, तो सरळ आणि गुळगुळीत राहिला तो इथल्या तेलानं आणि इथल्या हातानं. बिल्ल्यावर कंपनीचं नाव असतं, पुढं मालक-खेळाडूचंही कधी कोरलेलं सापडतं. ज्यानं त्या काठीला तीस-चाळीस वर्षं जगवलं त्याचं नाव कुठंच नसतं. जुन्या क्यूची किंमत ठरवताना लिलाववाले 'मूळ स्थितीत' हा शेरा फार मानतात. आपल्या हवेत मूळ स्थितीत राहिलेला क्यू म्हणजे बहुधा कुणी न खेळलेला क्यू. मी दुरुस्त झालेल्याला जास्त गुण देतो.

आता माझ्या मूळ धंद्याकडे येतो. या मुठीतलं काळं लाकूड कोणतं? एबनीच्या अनेक जाती आहेत. विलायती कारागिरांच्या हाती मुख्यतः सिलोनची, आफ्रिकेची आणि सेलेबिस बेटावरची पट्टेदार एबनी पडे. पण त्याच कुळातलं, लाकडाच्या व्यापारात 'कोरोमंडल एबनी' म्हणून ओळखलं जाणारं एक झाड आपल्या सगळ्यांच्या ओळखीचं आहे. विदर्भात आपण त्याला टेंभुर्णी म्हणतो, इथं छत्तीसगडात तेंदू. हो, विडीच्या पानाचं तेच. शास्त्रीय नाव डायोस्पायरॉस मेलॅनोझायलॉन.

रायपूरहून कुठल्याही दिशेला निघा, धमतरीकडे, गरियाबंदकडे, कांकेरकडे, तेंदू दिसल्याशिवाय राहायचा नाही. पण दिसतं ते झुडूप, गुडघ्या-कमरेएवढं. आबनूस त्यात नसतो. तेंदूचं बाहेरचं लाकूड फिकट गुलाबी-पांढरं. काळा गाभा फक्त मोठ्या, वयस्क झाडात धरतो, तोही बारीक आणि वेडावाकडा. काही झाडांत नावाला असतो. उभ्या झाडाकडे बघून आत किती काळं आहे हे सांगता येत नाही, कापल्यावरच कळतं. सरळ, बिनगाठीचा, हातभर लांब काळा तुकडा मिळणं ही दुर्मीळ गोष्ट. क्यूच्या मुठीला नेमका तसाच तुकडा लागतो.

आणि आपण तेंदू वाढू देत नाही. हे मी तक्रारीच्या सुरात म्हणत नाही, कारण त्यामागं पोटाचा प्रश्न आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये झुडपं छाटतात, म्हणजे मुळांतून नवे फुटवे येऊन कोवळी, मोठी, मऊ पानं मिळतात. उन्हाळ्यात ती तोडून पन्नास-पन्नास पानांच्या गड्ड्या बांधतात, हजार गड्ड्यांचं एक प्रमाण पोतं. जुन्या मध्य प्रदेशात १९६४ च्या कायद्यानं हा व्यापार सरकारनं हाती घेतला, आणि छत्तीसगड वेगळं झाल्यावरही तीच व्यवस्था चालू राहिली. भर उन्हाळ्यात, शेतात काम नसताना लाखो आदिवासी कुटुंबांच्या हातात रोख पैसा येतो तो या पानाचा. पान दर वर्षी मिळतं. आबनुसाला दोन पिढ्या थांबावं लागतं आणि तरी तो निघेलच असं नाही. माझ्या पूर्वीच्या खात्यानं पान निवडलं. मी असतो तरी तेच निवडलं असतं. पण प्रत्येक परिक्षेत्रात दहा-वीस तेंदू न छाटता उभे ठेवायला काय हरकत आहे? पान देणारी झुडपं मुळांच्या फुटव्यांतून येतच राहतात, मोठ्या झाडांनी त्यांचं काही अडत नाही. बस्तरचे लाकूड कोरणारे सागवान-शिसवीवर काम करतात. त्यांच्या नातवांच्या हाती एखादा काळा गाभा पडावा, एवढीच इच्छा आहे.

ॲशचीही गत आज बरी नाही. अमेरिकेत २००२ साली एका हिरव्या भुंगेऱ्याचा उपद्रव लक्षात आला आणि त्यानं कोट्यवधी ॲश मारले. ब्रिटनमध्ये २०१२ पासून बुरशीच्या रोगानं ही झाडं वाळत आहेत. शिसवीच्या सगळ्या जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर २०१७ पासून निर्बंध आले. जुन्या क्यूत जी तीन-चार लाकडं सहज एकत्र येत, ती आज परवान्याशिवाय एकत्र आणणं अवघड आहे. नवे चांगले क्यू होत नाहीत असं मात्र कुणी म्हणू नये. लंडनचे जॉन पॅरिस आणि थायलंडचे कारागीर आजही चार उतार हातानं रंधतात, आणि फार सुंदर रंधतात.

खेळाडूंबद्दल दोन शब्द, नाहीतर तरुण मंडळी रुसतील. आपल्या पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स १९५८ साली कलकत्त्यात बिलियर्डचे हौशी जगज्जेते झाले. कुठल्याही वैयक्तिक खेळात जागतिक अजिंक्यपद मिळवणारे ते पहिले भारतीय. १९६४ साली न्यूझीलंडमध्ये त्यांनी ते पुन्हा जिंकलं. मुंबईच्या मायकेल फरेरांनी १९७७, १९८१ आणि १९८३ असं तीनदा मिळवलं. खेळ ऑलिंपिकमध्ये नसल्यामुळं ही नावं शाळेच्या पुस्तकांत गेली नाहीत, हा आपला करंटेपणा. आणि किमतीचं म्हणाल तर स्कॉटलंडचा स्टीफन हेंड्री सात वेळा स्नूकरचा जगज्जेता झाला तो चाळीस पौंडांच्या दुकानी क्यूनं. २००३ साली विमानप्रवासात तो क्यू मोडला, तेव्हा त्याला मौल्यवान वस्तू मोडल्याचं दुःख झालं नसणार, हात मोडल्याचं झालं असणार. म्हणून जुना क्यू संग्रहाची वस्तू म्हणून भिंतीवर टांगणाऱ्यांपेक्षा, त्याला खडू लावून टेबलावर वाकणाऱ्यांच्या बाजूचा मी आहे.

आता शेवटचं, आणि हे विनंती म्हणून ऐका. रायपूर, बिलासपूर, राजनांदगाव, पलीकडे गोंदिया, नागपूर इथल्या क्लबांत आणि रेल्वे इन्स्टिट्यूटमध्ये तुमच्यापैकी कुणी पदाधिकारी असाल, कुणाचे वडील-आजोबा असतील. तिथली बिलियर्डची खोली आता बहुधा कॅरम-टेबल टेनिसची किंवा गोदामाची झाली असेल. कपाटामागं, माळ्यावर, पडद्याच्या दांडीच्या जागीसुद्धा जुने क्यू सापडतात. सापडला तर तो सपाट टेबलावर लोटून बघा, सरळ आहे की नाही लगेच कळेल. वाकडा असला तरी टाकू नका, काळी मूठ तरी वाचते. कमानी गोल की टोकदार, बुडाशी पांढरा चौकोन आहे का, पट्टीवर काय लिहिलं आहे, हे वहीत लिहून एक फोटो काढा. पट्टी उकरू नका. काचपेपर, व्हार्निश आणि फ्रेंच पॉलिश यांपासून त्याला दूर ठेवा. कोरड्या फडक्यानं पुसून जवसाचे दोन थेंब पुरेत. भिंतीला तिरका टेकवू नका, उभा टांगा किंवा आडवा ठेवा. आणि त्या क्लबात जुन्या मार्करचा मुलगा-नातू कुणाला माहीत असेल तर त्याचं नाव, त्याच्या वडिलांचं नाव आणि ते किती वर्षं तिथं होते, एवढं या व्याख्यानमालेच्या कार्यालयात आणून द्या. क्यूंची यादी मी करतोच आहे, मार्करांची यादी तुमच्या मदतीशिवाय होणार नाही.